बाणाला कडा दिसत नाही!

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मुलांना आणि त्यांच्या पालकांना घेऊन सह्याद्रीतल्या एका गडावर गेलो होतो. एका पालकांनी हातात मावेल असं जीपीएस यंत्र आणलं होतं. उतरताना आम्ही वाट चुकलो. यंत्रातला बाण सांगत होता, गाव समोरच, अंतर फक्त ४०० मीटर! सगळे झपाझप निघाले. तेवढ्यात गुरं राखणारे एक आजोबा ओरडले, "पोरांनो, तिकडं कुठं? पुढं कडा हाय!"

मग यंत्र खोटं बोललं का? मुळीच नाही. त्यानं सरळ रेषेतलं अंतर सांगितलं. पक्ष्याला ते चालतं, आपल्याला पंख कुठे आहेत? चूक आमचीच होती. यंत्रात मुळात असलेल्या नकाशावरच आम्ही निघालो होतो. त्यात मोठे रस्ते होते, गावं होती. पण डोंगराच्या जागी नुसता कोरा भाग!

डोंगरात हवा स्थलनिर्देशक नकाशा. भूगोलात तुम्ही समोच्च रेषा शिकता ना? समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा. रेषा दूर दूर, तर चढ सौम्य. एकमेकींना चिकटल्या, तर समजा, समोर कडा!

मग असा कुठलाही नकाशा घ्यावा का? थांबा! आधी विचारा, दोन रेषांमध्ये उंचीचा फरक किती? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत डोंगराळ भागात तो साधारण २० मीटर असतो. आता गंमत बघा. १५ मीटरचा कडा म्हणजे जवळजवळ पाच मजली इमारत. पण तो दोन रेषांच्या मध्ये लपून बसू शकतो! त्यासाठी वेगळी खूण छापलेली नसेल, तर नकाशात तो दिसणारच नाही. म्हणून १० मीटरचा नकाशा मिळाला, तर तो बरा.

पण दाट रेषा बघून हुरळूनही जाऊ नका, बरं का! यंत्रांसाठी मिळणाऱ्या कितीतरी नकाशांतल्या रेषा संगणकानं काढलेल्या असतात. त्यासाठी २००० साली अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारनं मोजलेल्या उंची पुष्कळदा वापरतात. त्या मोजमापांतले बिंदू एकमेकांपासून सुमारे ३० मीटरवर आहेत. मधली घळ कशी कळणार?

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. १:५०,००० म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर. पडद्यावर नकाशा मोठा केला म्हणून माहिती वाढत नाही. फुग्यावर चित्र काढून फुगा फुगवा. चित्र मोठं होतं, पण त्यात नवं काही उमटतं का?

तिसरा प्रश्न, पाहणी कोणत्या वर्षीची? मधल्या काळात धरण झालं असेल, तर जुनी वाट पाण्याखाली असू शकते. पाण्याचे रंगही बघा. सर्वेक्षण विभागाच्या नकाशात निळा रंग पाण्याचा, तर उन्हाळ्यात आटणारे ओढे काळ्या रेषेनं दाखवतात. काळी रेषा बघून रिकामी बाटली घेऊन जाल, तर फसाल!

पालकहो, सर्वेक्षण विभाग १७६७ साली स्थापन झाला. त्याचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून भारतीय नागरिकांना संकेतस्थळावरून मोफत मिळू लागले. जीपीएस यंत्राला मोबाइलची रेंज लागत नाही, पण नकाशा मात्र घरूनच भरून न्यावा लागतो. एक छापील प्रत पाठपिशवीत असू द्या. सेल संपला, तरी कागद चालूच राहतो!

आता एक गंमत करा. अर्धा बटाटा सपाट बाजूनं ताटात ठेवा. पट्टी उभी धरून दर १ सेंटिमीटर उंचीवर पेनानं भोवती रेषा काढा. मग दोन रेषांच्या मध्ये सुरीनं एक छोटी पायरी कापा. सुरी मात्र आईबाबांच्या हाती द्या! वरून बघून फक्त रेषा वहीत उतरवा. पायरी वहीत आली का? नाही ना!

म्हणून नकाशा नीट निवडा, पण पाऊल टाकताना नजर समोर ठेवा. आणि वाटेत गुरं राखणारे आजोबा भेटले, तर यंत्र खिशात टाकून त्यांना आधी वाट विचारा.