ओवी-अभंगातला ख्रिस्त

बायबलमधला मोठा भाग पद्यात आहे. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत. ईयोब, गीतरत्न आणि संदेष्ट्यांची बरीच वचनेही काव्यच. हिब्रू कवितेत यमकाला फारसे स्थान नसते. एका ओळीतला विचार पुढच्या ओळीत वेगळ्या शब्दांत पुन्हा येतो, कधी उलटा होऊन येतो. म्हणून भाषांतरातही ही कविता बरीचशी टिकते.

मराठीत मात्र ख्रिस्ती काव्याने इथलाच छंद घेतला. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. पुढे कवी ना. वा. टिळकांनी हा धागा अभंगाकडे नेला. नाशिकला संस्कृत शिकलेल्या टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामामुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानत. इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरित गीते मराठी माणसाच्या तोंडी बसेनात. टिळकांची भजने टाळ-मृदंगावर सहज चालली. उपदेशाने जे साधले नसते ते या चालींनी साधले, असे म्हणायला हरकत नाही.

‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे ठेवून टिळक 1919 मध्ये वारले. ते पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. नाशिकजवळच्या जलालपूरची ही मुलगी लिहा-वाचायला शिकली तीच लग्नानंतर. तरीही ‘ख्रिस्तायना’चे बहुतेक अध्याय तिचेच आहेत.