खरिपाच्या तोंडावर महाविद्यालयाचे शुल्क

मृग नक्षत्राच्या सुमारास शेतकऱ्याच्या घरातील रोकड बहुतेक शेतात गेलेली असते. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे आणि मजुरी यांत सोसायटीचे पीक कर्ज संपते, आणि ते अपुरे पडले तर हातउसन्याची पाळी येते. नेमक्या याच दिवसांत बारावीचा निकाल लागलेली मुले महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या तयारीत असतात. नोकरदाराच्या घरात शुल्काचा प्रश्न पगारातून किंवा शिलकीतून सुटतो. शेतकऱ्याच्या घरात तो बियाण्याशी स्पर्धा करतो. अशा वेळी पेरणी थांबविता येत नाही, म्हणून शिक्षण थांबते. आणि दोन मुलांपैकी एकाचेच थांबवायचे असेल तर ते बहुधा मुलीचे थांबते.

या अडचणीवर शासनाच्या योजना नाहीत असे नाही. शुल्कसवलतीची व्यवस्था महाराष्ट्रात बरीच विस्तृत आहे आणि अलीकडच्या वर्षांत ती वाढलीही आहे. तरीही अनेक कुटुंबांपर्यंत ती पोहोचत नाही, याचे कारण पुष्कळदा एखाद्या कागदाचा उशीर, चुकीच्या मार्गाने घेतलेला प्रवेश किंवा बंद पडलेले बँक खाते असे साधे असते. ही कारणे गावातच दूर होऊ शकतात. म्हणून ग्राम कार्यकर्त्याने हा विषय केवळ शाळामास्तरांचा समजू नये.

या सवलतीमागील विचार जुना आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो आणि त्याचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणाला होतो, ही विसंगती स्पष्टपणे मांडली होती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि पुढे सातारच्या वसतिगृहांतून व महाविद्यालयातून ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग खेड्यातील मुलांना दाखविला. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी १९३२ मध्ये अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. शेती आणि शिक्षण हे त्यांच्या दृष्टीने दोन वेगळे विषय नव्हतेच.

१९६० च्या आगेमागे, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतानाच्या काळात, वार्षिक १,२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना शुल्कमाफी मिळू लागली. जातीचा विचार न करता केवळ आर्थिक स्थिती पाहणारी ती सवलत ‘ईबीसी’ या नावाने घरोघरी माहीत झाली. आज साठी-सत्तरीत असलेले कितीतरी शिक्षक, अभियंते आणि कृषी पदवीधर तिच्याच आधारावर शिकले. गावातील वडीलधारी माणसे अजूनही कोणत्याही शुल्कसवलतीला ‘ईबीसी’ म्हणतात. नाव जुने झाले तरी उत्पन्नाचा दाखला हे तिचे मूळ आजही कायम आहे.

सध्याच्या योजनांपैकी शेतकरी कुटुंबांच्या सर्वांत उपयोगाची ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना होय. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी तिचा विस्तार २०१६ साली करण्यात आला आणि नंतर उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. पात्र विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांपैकी ५० टक्के रक्कम शासनाकडून मिळते. ही सवलत एका कुटुंबातील दोन अपत्यांपुरती आहे. मुलींच्या बाबतीत शासनाने ८ जुलै २०२४ रोजी पुढचे पाऊल टाकले. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास या प्रवर्गांतील ज्या मुलींच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून संपूर्ण माफ झाले. आधीच शिकत असलेल्या मुलीही त्यात आल्या. अभियांत्रिकी, वैद्यकीय, औषधनिर्माण यांच्याबरोबर कृषी, पशुवैद्यक, दुग्ध व मत्स्य या शाखाही त्यात मोडतात. शेतकऱ्याच्या मुलीस कृषी पदवीधर व्हावयाचे असेल तर शिक्षण शुल्काची आडकाठी आता राहिलेली नाही, ही गोष्ट प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने सांगण्यासारखी आहे.

अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये असून शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्यापेक्षा अधिक असेल तर शुल्कमाफीची वेगळी योजना आहे, तीत निर्वाह भत्ता नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना संपूर्ण, तर इतर मागास प्रवर्गातील मुलग्यांना निम्मी शुल्कसवलत मिळते.

हिशेबाने पाहिले म्हणजे फरक स्पष्ट होतो. समजा, एखाद्या महाविद्यालयाचे शिक्षण व परीक्षा शुल्क वर्षाला ८०,००० रुपये आहे. चार वर्षांचे ३,२०,००० रुपये झाले. निम्मी सवलत मिळणाऱ्या मुलग्याला १,६०,००० रुपये भरावे लागतील. सवलतीस पात्र असलेल्या मुलीला या सदराखाली काहीच भरावे लागणार नाही. कोरडवाहू चार एकरांवर सोयाबीन किंवा कापूस घेणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम किती वर्षांच्या शिलकीइतकी आहे, हे कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. तथापि विकास शुल्क, पुस्तके, खाणावळ आणि प्रवास हा खर्च माफीत येत नाही. ‘सगळे फुकट आहे’ असे सांगून पालकांना गावातून पाठविणे आणि मग महाविद्यालयाच्या खिडकीवर त्यांना ओशाळे होऊ देणे, यात हित नाही. कोणता भाग माफ व कोणता भरावयाचा, हे आधीच सांगावे.

आता उत्पन्नाच्या दाखल्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण बहुतेक अर्ज येथेच अडखळतात. दाखला तहसीलदार देतात. आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करावा लागतो आणि त्याला तलाठ्याचा, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांचा, चौकशी अहवाल जोडावा लागतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. म्हणजे एप्रिल महिन्यापासून मागील वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला काढता येतो. परंतु गावात हा दाखला आठवतो तो निकालानंतर, आणि पुष्कळदा प्रवेशाच्या फेरीची तारीख दोन दिवसांवर आल्यावर. त्या वेळी केंद्रावर रांग असते, चौकशी अहवालासाठी अधिकारी दुसऱ्या सज्जात गेलेले असतात, आणि तिकडे वाफसा आलेला असतो. पालक एक दिवस हेलपाटा घालतात, दुसऱ्या दिवशी पेरणीला लागतात, आणि दाखला राहतो. एप्रिल-मे महिन्यांत शेतकऱ्याला थोडी उसंत असते. बारावीला बसलेल्या मुलांची यादी गावात सहज मिळते. त्या यादीप्रमाणे दाखल्यांचे अर्ज निकालापूर्वीच करून घेतले, तर जूनमधील अर्धी धावपळ वाचेल. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा नागरिकाला हक्क आहे. अर्जाची पावती म्हणूनच जपून ठेवावी.

दाखल्यात आई व वडील दोघांचेही सर्व मार्गांनी होणारे उत्पन्न धरले जाते. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून ते दाखवायचेच नाही, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाही. उलट, उत्पन्न फार कमी दाखविले तरच सवलत मिळते, ही समजूतही तितकीच खोटी आहे. आठ लाखांची मर्यादा लक्षात घेता कोरडवाहू शेतकऱ्याला काही लपविण्याचे कारणच उरत नाही. खरा आकडा लिहावा. खोट्या दाखल्यावर घेतलेली रक्कम वसूल होऊ शकते, आणि त्याचा त्रास पुढे मुलाला होतो. आणखी एक घोटाळा नेहमी होतो. नॉन-क्रिमीलेयरचा दाखला हाती असला म्हणजे उत्पन्नाचा दाखला नको, असे समजले जाते. हे दोन दाखले वेगळे असून त्यांचे निकषही वेगळे आहेत.

दुसरा अडथळा प्रवेशाच्या मार्गाचा. शुल्कसवलत मिळण्यासाठी व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे बोलीभाषेत ‘कॅप’च्या फेरीतून, झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या स्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. खासगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे यांतील प्रवेशही मुलींच्या शुल्कमाफीच्या बाहेर आहेत. निकाल लागताच तालुक्याच्या गावी मध्यस्थ फिरू लागतात. फेरीची वाट कशाला पाहता, आज जागा पक्की करा, असा त्यांचा आग्रह असतो. पेरणीच्या घाईत असलेल्या पालकाला हे सोयीचे वाटते. पण या एका सहीने चार वर्षांची सवलत जाते, आणि पुढे कोणताही अर्ज ती परत आणू शकत नाही. बियाणे घेताना शेतकरी पिशवीवरील लेबल व पक्की पावती पाहतो; प्रवेश घेतानाही तो कोणत्या फेरीतून आहे हे पावतीवर पाहूनच पैसे भरावेत.

सवलतीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो. ठिबक संच किंवा औजारे यांच्या अनुदानासाठी हे नाव शेतकऱ्यांच्या परिचयाचे झाले आहे, परंतु वडिलांची तेथील शेतकरी म्हणून झालेली नोंदणी मुलाच्या शिष्यवृत्तीला चालत नाही. विद्यार्थ्याने आपली स्वतंत्र नोंदणी करावयाची असते. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. पंतप्रधान किसान सन्मान निधीचा हप्ता ज्याप्रमाणे आधार जोडलेल्या भलत्याच खात्यात गेल्याचे अनुभव गावोगाव आहेत, तसेच येथेही घडते. शाळेत असताना काढलेले खाते व्यवहाराअभावी बंद पडलेले असते, किंवा आधार दुसऱ्याच बँकेत जोडलेले असते. बँकेत जाऊन एकदा खात्री करून घेण्यास अर्धा दिवस पुरतो.

खात्यात जमा झालेल्या रकमेविषयी एक नाजूक गोष्टही सांगितली पाहिजे. शुल्काचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात येतात तेव्हा घरात कधी खताची, तर कधी दवाखान्याची निकड असते. ते पैसे तात्पुरते वापरावेत, कापूस विकल्यावर महाविद्यालयाला देऊ, असा विचार होतो. भाव पडतो, पैसे फिटत नाहीत, आणि वर्षअखेरीस महाविद्यालयाची थकबाकी मुलाच्या नावावर उभी राहते. शुल्काची म्हणून आलेली रक्कम घरखर्चाची नव्हे. ती लगेच भरून पावती घ्यावी. याउलट, माफ झालेले शुल्क प्रवेशाच्या वेळी मुलींकडून मागू नये, असे शासनाने महाविद्यालयांना बजावलेले आहे. शुल्कासाठी मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यासही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये मनाई केलेली आहे. असा प्रसंग आला तर भांडण न करता लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी.

गावापासून दूर राहून शिकणाऱ्यांचा खरा भार शुल्कापेक्षा राहण्या-जेवण्याचा असतो. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिच्यासाठी तहसीलदारांचा अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो, आणि त्यासाठी सातबारा व आठ-अ चे उतारे हवेत. वाटणी होऊनही उतारा आजोबांच्याच नावावर राहिला असेल, तर हा दाखला अडतो. वारसनोंदी व फेरफार वेळेवर करून घेण्याचा आग्रह ग्राम कार्यकर्ते पीक कर्जासाठी धरतातच. मुलांच्या शिक्षणासाठीही तो तितकाच उपयोगी आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वयम् आणि इतर मागास प्रवर्गासाठी आधार अशा स्वतंत्र योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांनी त्यांची चौकशी समाजकल्याण, आदिवासी विकास किंवा बहुजन कल्याण कार्यालयात करावी.

शेवटी नूतनीकरणाविषयी. पहिल्या वर्षी सवलत मिळाली म्हणजे पुढे ती आपोआप चालू राहते, असे नाही. दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. त्यासाठी मागील वर्षाचा निकाल व हजेरी पाहिली जाते. दाखल्याची मुदत संपली असल्यास नवा काढावा लागतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे पालक या बाबतीत सर्वांत निर्धास्त असतात, म्हणून एप्रिलमध्ये यादी करताना बारावीच्या मुलांबरोबर आधीच महाविद्यालयात असलेल्या मुलामुलींची नावेही तीत घ्यावीत, आणि ज्यांच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपली आहे त्यांच्या घरी प्रथम जावे.