देवबाभळीचं नाव, पित्ताचं काम

गेल्या भागात पेशीच्या आवरणावर बसणारे ग्राही पाहिले. आज केंद्रकात शिरून थेट जनुकांशी बोलणाऱ्या एकाची पाळी. त्याचं नाव एफएक्सआर, म्हणजे ‘फार्नेसॉइड एक्स रिसेप्टर’. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना ड्रमवरची असली लांबलचक नावं नवी नाहीत. पण या नावाच्या मुळाशी एक काटेरी झुडूप आहे.

ते झुडूप म्हणजे देवबाभूळ, पिवळ्या गोंड्यांची आणि घमघमणारी. मूळची ती अमेरिका खंडातली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये कार्डिनल ओदोआर्दो फार्नेसे यांच्या बागेत ती वाढवली गेली आणि १६२५मध्ये त्या बागेतल्या दुर्मीळ वनस्पतींच्या ग्रंथात तिचं वर्णन छापून आलं. पुढे लिनियसने तिच्या नावाला ‘फार्नेसियाना’ हे शेपूट जोडलं. तिच्या फुलांशी जोडलेल्या एका सुगंधी अल्कोहोलचं नाव मग फार्नेसॉल पडलं. अत्तरवाले ते आजही वापरतात.

आता यकृताकडे वळू. पेशी कोलेस्टेरॉल बनवते त्या वाटेवर मध्येच फार्नेसॉलच्या कुळातलं एक संयुग तयार होतं. १९९५मध्ये बॅरी फोरमन, कॅरी वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जातीतल्या प्राण्यात एक नवा ग्राही शोधला. तो कशाने जागा होतो हे तपासताना फार्नेसॉल आणि त्याच्या नात्यातली काही संयुगं, अगदी कीटकांच्या वाढीचं एक संप्रेरकसुद्धा, त्याला जागं करताना दिसली. म्हणून तो ‘फार्नेसॉइड’ ठरला. ‘एक्स’ची रीत त्याच्या जोडीदारापासूनची. आरएक्सआर हा ग्राही १९९०च्या सुमारास सापडला तेव्हा त्याला जागं करणारा खरा रेणू माहीत नव्हता, आणि बीजगणितात अज्ञात राशीला जे अक्षर देतात तेच त्याला दिलं गेलं.

गोम अशी, की एफएक्सआर जागा व्हायला फार्नेसॉल फार मोठ्या प्रमाणात लागत होतं. शरीरात ते तेवढं नसतंच. १९९९मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी खरा मालक दाखवून दिला: पित्ताम्लं. ही कोलेस्टेरॉलपासूनच बनतात. म्हणजे नाव पडलं ते वाटेतल्या रेणूवरून आणि हुकूम चालतो तो शेवटच्या टोकाला असलेल्यांचा. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच राहावं आणि जमीन भलत्यानेच कसावी, तशातला हा प्रकार. पेण-रोह्यात हे अधिक समजावून सांगायला नको.

काम मात्र चोख. यकृताच्या पेशीत पित्ताम्लं साठू लागली की ती या ग्राहीला चिकटतात. मग तो आरएक्सआरसोबत डीएनएवर बसतो आणि मधल्या एका प्रथिनाकरवी नवीन पित्ताम्लं बनवणाऱ्या विकराचा कारखाना मंदावतो. पित्ताम्लं साबणासारखी चरबी फोडतात. ती बेसुमार साठली तर पेशीचंच आवरण फोडतील.

या गोष्टीत कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी घेतात तो आपल्या ओळखीचा गुग्गुळही येतो. २००२मध्ये डेव्हिड मूर यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की गुग्गुळातलं गुग्गुलस्टेरोन एफएक्सआरला रोखतं. लगेच ‘आयुर्वेदावर शिक्कामोर्तब’ म्हणून टाळ्या पडल्या. पण पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या १०३ जणांवरच्या आठ आठवड्यांच्या चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने वाईट कोलेस्टेरॉल उतरलं नाही, थोडं वाढलंच. हे गुग्गुलस्टेरोन इतरही ग्राहींना हात लावतं, हेही दिसून आलं. रेणू ग्राहीला चिकटला म्हणजे औषध गुणकारी ठरलं, अशी उडी मारू नये. उलट, पित्ताम्लावरून रचलेलं आणि एफएक्सआरला जागं करणारं ओबेटिकोलिक आम्ल २०१६मध्ये अमेरिकेत यकृताच्या एका जुनाट आजारासाठी मंजूर झालं.

नावाचा गोंधळ मिटवायला १९९९मध्ये नामकरण समितीने केंद्रकातल्या ग्राहींना क्रमांकवजा नावं दिली. त्यात हा एनआर१एच४ झाला. पण शोधनिबंधांत बघावं तर अजून एफएक्सआरच. पुढच्या भागात त्याचा सख्खा शेजारी पीएक्सआर: एक औषध घेतलं की दुसऱ्याचा असर का ओसरतो, ते त्याच्याकडून कळेल.