सड्याची वरची चार बोटं

कातळशिल्प आधी हाताला लागतं, डोळ्यांना नंतर दिसतं. राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर पहाटे कामाला बसलो तेव्हा समोर वाळक्या गवताचे झुबके, पावसाने वाहून आणलेली माती आणि काळाकुट्ट कातळ, एवढंच होतं. सोबतच्या मंडळींनी मला गुडघे टेकून बसवलं आणि तळहात जमिनीवरून सावकाश फिरवायला सांगितला. खडबडीत जांभ्यावरून हात सरकत गेला आणि एका जागी बोटं आपसूक खाली उतरली. कड गोलसर होती, तळ सपाट. त्या खाचेतून बोटं पुढे सरकवत गेले तशी ती वळली, पुन्हा सरळ झाली, पुन्हा वळली. मी कातळात कोरलेल्या एका माणसाच्या पावलाची बाहेरची रेषा चाचपत होते.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात डोंगरमाथ्यावरच्या या उघड्या, सपाट पठारांना सडा म्हणतात. खाली खाडी, खाजण, नारळी-पोफळी, घरं. पाखाडी चढून वर आलं की एकदम झाड संपतं आणि आभाळ सुरू होतं. मैलभर चालावं तरी सावली सापडत नाही. या पठारांचा जांभा मूळचा बेसाल्ट. उष्ण हवेत आणि धो धो पावसात लाखो वर्षं कुजत गेलेल्या त्या दगडातली सिलिका धुपून गेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. हवा आणि ऊन लागलं की त्याचा वरचा थर टणक होतो, खाली मात्र तो मऊ, मातकट असतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने मलबारात लोकांना हाच दगड जमिनीतून विटांसारखा कापून काढताना पाहिलं आणि 1807 साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याची नोंद केली. कोकणातली घरं, गडगे, विहिरी, देवळांचे चौथरे आजही याच चिऱ्यांचे आहेत.

सड्यावर जे काही आहे ते वरच्या चार बोटांत आहे. झाड रुजेल एवढी माती नाही, नांगर धरणं अशक्य. म्हणून सातबाऱ्यावर अशी जमीन बहुतेक वेळा पोटखराब्यात जाते, आणि एकदा ती तिथे गेली की तिच्यावर काहीही केलं तरी काही बिघडत नाही असं सगळ्यांना वाटू लागतं. मला हे मान्य नाही. त्या चार बोटांवर काम करताना काय काय दिसतं ते सांगितलं तर वाचणाऱ्यालाही ते मान्य राहणार नाही, अशी माझी आशा आहे.

साफसफाईचे नियम साधे आहेत, पण कडक. कातळाला लोखंड लावायचं नाही. कुदळ, खुरपं, तारेचा ब्रश, काही नाही. गवताचा झुबका हिसकायचा नाही, कारण मुळं दगडाच्या भेगांत शिरलेली असतात आणि त्यांच्याबरोबर कवचाची खपली निघून येते. गवत मुळाशी कात्रीने कापायचं आणि मूळ तिथेच कुजू द्यायचं. मग हिराचा खराटा, मोकळी माती लोटण्यापुरता. खाचेत बसलेली माती बांबूच्या कामटीने सैल करायची आणि कुंचल्याने उचलायची. ही माती फेकायची नाही. ती घमेल्यात गोळा करून हाताने चिवडून बघायची, कारण तिच्यात गारगोटीची एखादी कपची असू शकते. कोकणातल्या काही सड्यांवर सूक्ष्म पाषाण अवजारं मिळाली आहेत. आमच्या घमेल्यात त्या दिवशी बारीक खडे, शंखाचा एक तुकडा आणि गोगलगाईंची रिकामी घरं निघाली. शंखाचा तुकडा पाहून सगळे क्षणभर थांबले. मग कुणीतरी म्हणालं की तो कावळ्याने आणला असेल, आणि ते बहुधा खरं होतं. तरीही तुकडा पिशवीत गेला, पिशवीवर चौकटीचा क्रमांक पडला.

बाजूचा सुटा दगड हलवायचा तर त्याखाली कोण आहे ते आधी पाहायचं आणि काम झाल्यावर दगड त्याच जागी, त्याच अंगाने ठेवायचा. जांभ्याच्या अशा सुट्या दगडांखाली पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची एक छोटी पाल राहते. विज्ञानात तिची पहिली नोंद 1963 ची, आणि जगात ती फक्त कोकणच्या या पठारांवर सापडते. चित्राच्या डोक्याजवळचा दगड उचलला तर ती दिसली. हळूच दगड पुन्हा टेकवला आणि डोक्याचं मोजमाप आम्ही दगडाच्या अलीकडून घेतलं.

माती निघाल्यावर पाणी. बादलीतून तांब्याने सावकाश सोडलेलं पाणी खाचेत धावतं आणि रेषा एकदम ओल्या काळ्या रंगात उठून येते. फोटो काढायचे ते याच वेळी, सूर्य क्षितिजाला लागून असताना. तिरपं ऊन खाचेच्या एका कडेवर पडतं, दुसरीची सावली आत पडते आणि आकृती जमिनीतून वर आल्यासारखी दिसते. दहा वाजले की संपलं. ऊन डोक्यावर येतं, सावल्या मिटतात आणि त्याच माणसावर पाय देऊन कुणीही निघून जाईल इतका तो नाहीसा होतो. शतकानुशतकं लोक या चित्रांवरून ये-जा करत आले याचं मला नवल वाटत नाही.

सगळ्यात अवघड काम रेखाटनाचं. दोरीने एकेक मीटरच्या चौकटी आखायच्या, उत्तर दिशेची पट्टी ठेवायची आणि आलेखाच्या कागदावर प्रत्येक चौकट उतरवायची. ड्रोनने वरून चांगलं छायाचित्र मिळतं, पण ड्रोनला भेग आणि कोरीव रेषा यांतला फरक कळत नाही, आणि जांभा हा मुळातच भोकाभोकांचा दगड आहे. त्यात नैसर्गिक नळ्या असतात, खळगे असतात, उन्हाने पडलेल्या चिरा असतात. आमच्या माणसाच्या उजव्या हाताशी एक लांब वळणदार रेष होती. एकाच्या मते तो साप, दुसऱ्याच्या मते ती साधी भेग. वाद बोटांनीच मिटला. कोरलेल्या खाचेची खोली फारशी बदलत नाही, कधी बोटाच्या पेराएवढी तर कधी दोन पेरं. तिच्या दोन्ही कडा सारख्या उतरतात आणि ती कुठेतरी नीट संपते. भेग मात्र निमुळती होत जाते, आत तिरकी घुसते आणि चित्राची हद्द ओलांडून आपल्या वाटेने पुढे जाते. ही रेष निम्म्यापर्यंत खाच होती आणि पुढे भेग. म्हणजे कोरणाऱ्याने दगडात आधीपासून असलेली चीर पाहून तिलाच आपल्या चित्रात ओढून घेतलं असावं. कागदावर आम्ही अर्धी रेष सलग काढली, उरलेली तुटक. त्या जोडावर माझं बोट बराच वेळ होतं. इथे कुणीतरी विचार केला होता.

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी दशकाहून अधिक काळ गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि वयस्कर मंडळींना विचारून अशी चित्रं शोधली. दीड हजारांहून अधिक आकृत्या उजेडात आल्या आहेत. कशेळीला सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांची दाटी. बारसूला दोन वाघांच्या मधोमध उभा माणूस आहे. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकोनात वळत जाणाऱ्या रेषांचं गुंतागुंतीचं काम आहे. उक्षी, जांभरुण, देवाचे गोठणे, रुंढे तळी, कुडोपी आणि गोव्यातलं कुशावतीकाठचं फणसायमळ धरून अशी नऊ ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

चित्रांत मुशी आहेत, पाकटं आहेत, कासवं आहेत. हरणं, वाघ, मोर आहेत. आज कोकणात कुठेही नसलेला गेंडाही आहे. शेती मात्र दिसत नाही. नांगर नाही, कणीस नाही. यावरून हे शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्यांचं काम असावं असं अभ्यासक म्हणतात. सर्वांत जुनी चित्रं इसवी सनापूर्वी 10,000 च्या आसपासची असावीत, असा अंदाज राज्य पुरातत्त्व विभागाचे तेव्हाचे संचालक तेजस गर्गे यांनी 2018 मध्ये मांडला होता. तो अंदाजच आहे, आणि का ते कातळाजवळ बसलं की समजतं. कोरताना दगड काढून टाकला जातो, वर काही ठेवलं जात नाही. रंग नाही, कोळसा नाही, काळ मोजता येईल असं काहीच नाही. कातळाचा काळेपणाही साक्ष देत नाही. तो शेवाळ आणि दगडफुलाचा पापुद्रा आहे, खरवडला तरी काही पावसाळ्यांत पुन्हा धरतो. वय सांगायचं तर आसपासच्या मातीच्या थरांतून, गुहांतून आणि अवजारांतून आडवाटेनेच यावं लागतं.

तो अंदाज खरा धरला तर डोळ्यांपुढे वेगळंच कोकण उभं राहतं. बारा हजार वर्षांपूर्वी हिमयुग ओसरत होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साठेक मीटर खाली होती. किनारा कित्येक किलोमीटर पश्चिमेला असणार. आज सड्याच्या टोकावरून जिथे मचवे दिसतात तिथे तेव्हा जमीन होती, कदाचित रानही होतं. म्हणजे पाकट कोरणारा माणूस ते पाकट डोक्यात घेऊन बराच चालून वर आला होता. आणि ते त्याने इतकं अचूक उतरवलं की त्याच्या शेपटीवरून आजचा कोळी त्याला ओळखतो.

दुपारी गुरं घेऊन आलेल्या एका आजोबांनी आमचं काम पाहिलं आणि ते शेजारी बसले. त्यांच्या लहानपणी हे पांडवांचं काम मानत. “पावसात बगा येवन,” ते म्हणाले, “मानूस पान्यानं भरतो.” मी नंतर पावसात गेले. माणूस खरोखरच भरला होता. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसात सडा ओळखू येत नाही. प्रत्येक खळगा डबकं होतो, प्रत्येक डबक्यात बेडकांची पिल्लं. काठाने गेंदाची पांढरी बोंडं, मध्ये सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा. ही आसवं मांसाहारी आहेत. मुळाशी असलेल्या सूक्ष्म फुग्यांत ती पाण्यातले बारीक जीव ओढून घेतात, कारण या दगडात त्यांना पोसणारं दुसरं काही नाही. दवबिंदूही असाच, चिकट थेंबांनी माश्या धरणारा. आमच्या माणसाच्या डाव्या पावलात बोटभर पाणी होतं आणि त्यात ती फुलं उभी होती. कोरीव खाच आणि नैसर्गिक खळगा यांत झाडांनी भेद केलेला नव्हता. आणि हे पाणी सगळंच वाहून जात नाही, काही जांभ्याच्या भोकांतून झिरपतं. पायथ्याच्या वाड्यांचे झरे आणि विहिरी त्याच्यावर चालतात.

म्हणून चित्राभोवती चार हातांवर गडगा घालून दिला की जबाबदारी संपली, ही कल्पना मला पटत नाही. सड्यावर सुरुंग लावून खड्डे काढतात, बाहेरची माती भरतात आणि हापूसची कलमं लावतात. लोकांना रोजगार हवा, बागा हव्यात, यात वाद नाही. मीही त्याच बागांचे आंबे खाते. पण सुरुंगाने फुटलेलं कवच पुन्हा धरत नाही. डबकी जातात, फुलं जातात, पाण्याची वाट बदलते, आणि गडग्याच्या आतल्या चित्रावर एक तर वाहून आलेली माती साचते किंवा पाण्याचा नवा ओहोळ त्याला घासत राहतो. चिरेखाण तर थर कापूनच नेते. 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी मातीपरीक्षण सुरू झालं तेव्हा गावकरी कातळावर येऊन बसले आणि बाहेरच्या अनेकांनी तिथली चित्रं पहिल्यांदा बातम्यांत पाहिली. त्या वादाच्या सगळ्या बाजू इथे मांडता येणार नाहीत. पण जागेचा विचार करताना सड्याला रिकामी जमीन समजून सुरुवात केली की पुढची प्रत्येक पायरी चुकते, हे मी ठामपणे म्हणेन.

शेवटच्या संध्याकाळी दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. पहिली, काढलेली माती परत टाकायची का. इतकी वर्षं तिनेच खाचांच्या कडा राखल्या होत्या. बराच ऊहापोह झाला आणि चाळलेली माती पातळ थराने पुन्हा पसरली. पाहायला येणाऱ्यांना माणूस अर्धवटच दिसेल, पण पुढच्या पावसाचा पहिला मारा त्याच्या कडांवर पडणार नाही. दुसरी, राखायच्या जागेची हद्द कुठे आखायची. नकाशावर आधी चित्राभोवतीचा चौकोन होता. आम्ही टेप घेऊन पूर्वेला चालत गेलो, जिथून पाणी येतं ते उथळ तळं आत घेतलं, पालीच्या दगडांची रांग आत घेतली, आणि चौकोनाचा मोठा, वेडावाकडा आकार झाला. तो तीन गटक्रमांकांत पसरला. सातबाऱ्यावर सामाईक नावांची लांब रांग आहे आणि त्यातले बरेच जण मुंबईला असतात. ग्रामसभेपुढे जाण्याआधी त्या सगळ्यांशी बोलावं लागणार. गावच्या पोलीस पाटलांनी वहीत त्यांचे नंबर लिहून घेतले आणि सड्यावर रेंज चांगली असते म्हणून पहिला फोन तिथूनच लावला. पलीकडचे गृहस्थ गिरणगावातून बोलत होते. जमीन आपली आहे हे त्यांना ठाऊक होतं, चित्राचं ऐकून होते, पाहिलं कधी नव्हतं. गणपतीला गावी येतो तेव्हा दाखवाल का, असं त्यांनी विचारलं.