अहवाल लिहिणाऱ्याचा मोबदला

स्वयंसेवी संस्थेसाठी लिहायचं म्हणजे तिच्या कामाने भारावून एखादा लेख लिहून द्यायचा, असं अजूनही अनेकांना वाटतं. मराठीत अशा लेखनाची मोठी परंपरा आहे. अनिल अवचटांच्या लेखांमुळे कितीतरी कामं घराघरांत पोचली. पण त्यावर घर चालत नाही. नोकरी न धरता, चार-पाच संस्थांची कामं घेऊन जगायचं असेल, तर पोट भरतं ते प्रस्ताव, सहामाही अहवाल आणि वार्षिक अहवालांवर. या मजकुरावर लिहिणाऱ्याचं नाव छापलं जात नाही. म्हणूनच त्याचा मोबदला आधी ठरलेला, पुरेसा आणि वेळेवर मिळणारा असायला हवा.

या लेखनाची गरज कायद्यानेच वाढवली आहे. कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार 1 एप्रिल 2014 पासून ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. त्या खर्चाचा तपशील कंपनीच्या वार्षिक अहवालात द्यावा लागतो, म्हणून ती संस्थेकडे तो मागते. 2021 पासून मोठ्या रकमेच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापनही सक्तीचं झालं. इकडे तालुक्याच्या गावी कार्यकर्तीच्या वहीत नोंद असते, ‘बचत गटाच्या 40 महिलांना शिवणकामाचं प्रशिक्षण दिलं.’ नोंद खरी असते, पण अपुरी. त्यांतल्या किती जणींनी पुढे मशीन घेतलं, गणवेशांची ऑर्डर कुठून आली, मधेच कोण थांबली आणि का, हे कार्यकर्तीला ठाऊक असतं. तिला कुणी विचारलेलं नसतं. ते मराठीत विचारून, पडताळून कंपनीला हव्या त्या इंग्रजीत मांडणं हे कसबाचं काम आहे. दोन्ही भाषांत सहज वावरणाऱ्या मराठी लेखकाला इथे खरी संधी आहे. मजकूर आता संगणकही लिहून देतो, हे खरं. पण वहीत नसलेलं तो कुणाला फोन करून विचारत नाही.

संस्थेचा पैसा गरजूंसाठी असतो, तो लेखकावर का खर्चायचा, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि संस्थांची अडचणही खरी आहे. परदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांची प्रशासकीय खर्चाची मर्यादा 2020 च्या दुरुस्तीने 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, आणि नियमांनुसार अहवाल लिहिण्याचा खर्चही त्यातच मोजला जातो. पण लेखकाचे पैसे वाचवले म्हणून काम टळत नाही. दिवसभर वस्तीवर फिरलेली कार्यकर्ती रात्री अहवाल लिहीत बसते, तो रखडतो आणि त्याच्यासोबत पुढचा हप्ताही रखडतो. यात गरजूंचा कोणता फायदा? काही संस्था सुचवतात, अनुदान मिळालं तर त्यातले काही टक्के घ्या. लेखकाने याला स्पष्ट नकार द्यावा. देणगीदाराने तो पैसा कामासाठी दिलेला असतो. शिवाय टक्केवारीवर डोळा असला की आकडे फुगवून लिहायचा मोह होतो. निधी उभारणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आचारसंहितेतही अशी टक्केवारी निषिद्ध आहे.

लेखकाने काम घेण्याआधी रक्कम, मुदत आणि दुरुस्तीच्या फेऱ्या लेखी ठरवून घ्याव्यात. संस्थाचालकांना विनंती एवढीच, की पुढच्या प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात दस्तऐवजीकरणासाठी वेगळी तरतूद दाखवा, आणि तो प्रस्ताव मंजूर होवो वा न होवो, लिहिणाऱ्याचे ठरलेले पैसे चुकते करा.