दशमानपूर्व नाण्यांचा संग्रह

दशमान पद्धती येण्यापूर्वी लोकांच्या हातांतून प्रत्यक्ष फिरलेली नाणी जमविणे, त्यांची वर्गवारी करणे आणि एकाच मूल्याची अनेक नाणी परस्परांशी ताडून पाहणे, असे या छंदाचे स्वरूप आहे. सुवर्णमोहरा किंवा प्राचीन राजवंशांची नाणी यांच्या संग्रहाहून तो वेगळा आहे. कारण येथे नाणे दुर्मिळ असलेच पाहिजे असे नाही. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. तत्पूर्वी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे व पैशाच्या ३ पै असा हिशेब होता. म्हणजे एका रुपयाच्या १९२ पै होत. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली व आठ आण्यांची अधेली ही नावे महाराष्ट्रात घरोघर रुळलेली होती. नव्या पद्धतीत पावलीचे २५ व अधेलीचे ५० पैसे नेमके झाले. परंतु आण्याचे सव्वासहा पैसे होत असल्याने सुटा हिशेब अडत असे. जुनी व नवी नाणी काही वर्षे बरोबरीने चालली आणि याच संधिकाळात अनेक घरांतील डब्यांत आणे-पै मागे राहिले. आजच्या बहुतेक संग्रहांचा आरंभ अशा डब्यापासून होतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात चांदवडी, अंकुशी इ. अनेक प्रकारचे रुपये व तांब्याची शिवराई चालत असे. प्रत्येक रुपयाचा कस निराळा असल्याने सराफ तो पारखून बट्टा घेत. ‘बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार त्या व्यवहारातूनच आला. पारखताना मारलेल्या ठशांच्या बारीक खुणा जुन्या रुपयांवर आढळतात. शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. तथापि ऱ्हस्वदीर्घ, अक्षरांची मांडणी व वळण यांत इतकी विविधता आहे, की केवळ शिवराईच्या प्रकारांवर संग्राहकाचे आयुष्य खर्ची पडावे.

१८३५ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात एकच चलन सुरू झाले. चौथ्या विल्यमचे मस्तक असलेल्या या रुपयाचे वजन १८० ग्रेन (११·६६ ग्रॅ.) असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. हे प्रमाण पुढे शतकभर टिकले. नाण्यांची तुलना कशासाठी करावयाची, हे यानंतरच्या राणीछाप रुपयांवरून उत्तम समजते. त्यांवरील सन हा ते पाडल्याचा सन नव्हे. १८४० हा सन पुढील दोन दशके, तर १८६२ हा सन सु. बारा वर्षे तसाच ठेवण्यात आला. एकटे नाणे हाती घेतले, तर त्याचे खरे वय त्यावरून कळत नाही. अनेक नाणी शेजारी ठेवली म्हणजे मात्र भेद उमटू लागतात. १८४० च्या काही रुपयांवर राणीच्या नावाची अक्षरे मस्तकाभोवती सलग आहेत, तर उरलेल्यांवर ती दुभंगलेली आहेत. मागील बाजूवरील पर्णचक्रातील फळांची संख्याही वेगवेगळी भरते. १८६२ च्या रुपयांवर मागील बाजूस बारीक ठिपके असून त्यांच्या संख्येवरून पाडणीचे वर्ष ओळखता येते, असे मत आहे. भिंग घेऊन फळे व ठिपके मोजणे त्रयस्थास पोरखेळ वाटेल. पण टाकसाळीने जे लिहून ठेवले नाही, ते कळण्याचा हाच मार्ग आहे. एफ्. प्रिडमोर यांनी १९७५ व १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली ब्रिटिश हिंदुस्थानच्या नाण्यांची वर्गवारी अशाच तपशिलावर उभी आहे.

विसाव्या शतकातील नाण्यांवर महायुद्धांची छाया स्पष्ट दिसते. १९०६ च्या कायद्यानंतर तांब्याऐवजी ब्राँझ आले आणि तांबे-निकेलचा नागमोडी कडेचा एक आणा निघाला. त्यावर नागरी, बंगाली, तेलुगू व उर्दू अशा चार लिप्यांत मूल्य दिलेले असे. ज्याला एकही लिपी येत नसे, त्याचे बोट कडेवरून ते ओळखी. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला, तेव्हा १९१८ पासून चौकोनी चवली, १९१९ पासून अष्टकोनी पावली व गोल अधेली त्याच मिश्रधातूत पाडण्यात आल्या. १९४० पासून रुपयातील चांदी निम्म्यावर आली. १९४३ मध्ये निघालेला भोकाचा पैसा केवळ २ ग्रॅमचा होता. त्याआधीचा ब्राँझचा पैसा ४·८६ ग्रॅमचा असे. हे दोन पैसे तळहातावर शेजारी ठेवले, की युद्धकालीन धातुटंचाई हाताला कळते. १९४६ मध्ये पावली-अधेली व १९४७ मध्ये रुपया निकेलचा झाला. या निकेलच्या नाण्यांवर वाघ असून ती लोहचुंबकाला चिकटतात, चांदीची चिकटत नाहीत. नवशिक्यास ही परीक्षा पुरेशी आहे. १९५० मध्ये राजाचे मस्तक जाऊन अशोकस्तंभावरील सिंह आले. पैशावर घोडा, अर्ध्या, एक व दोन आण्यांवर बैल आणि वरच्या नाण्यांवर कणसे आली. हैदराबाद संस्थानातील, म्हणून मराठवाड्यातील, चारमिनारछाप हाली नाणी आणि गोव्यातील पोर्तुगीज रुपिया-तांगा यांचा हिशेबही सोळाच्या पटीतला होता. गोव्यात तो १९५८ पर्यंत चालला.

टाकसाळीने किती नाणी पाडली, या आकड्यांवरून नाण्याची दुर्मिळता ठरविणे ही या छंदातील नेहमीची चूक होय. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली. त्यामुळे पाडलेल्या नाण्यांचा मोठा भाग वितळविण्यात आला व पुढील वर्षी आकृती सुधारण्यात आली. जुने उच्च कसाचे रुपये १९४१ ते १९४३ या काळात टप्प्याटप्प्याने चलनातून काढून घेण्यात आले. निम्म्या चांदीच्या रुपयांतील धातूही पुढे अमेरिकेकडून युद्धकाळात उसनी घेतलेली चांदी फेडण्यासाठी वेगळा काढण्यात आला. उरलेल्यांपैकी असंख्य रुपये सोनारांच्या मुशीत गेले व आजही चांदीचा भाव चढला की जातात. वितळलेल्या रुपयाची चांदी राहते, त्यावरील ठिपके राहत नाहीत.

घासून लख्ख केलेल्या नाण्याचे नुकसान याहून फारसे कमी नसते. चिंच, लिंबू, राख वा रांगोळी यांनी उजळलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग खरवडला जातो आणि त्यावरील बारीक खुणा नाहीशा होतात. चांदीवरील काळसर व तांब्यावरील तपकिरी थर संरक्षक असतो, तो ठेवावा. तांब्यावर भुकटीसारखे हिरवे डाग मात्र पसरत जातात व खाऱ्या दमट हवेत, उदा., कोकणपट्टीत, ते लवकर धरतात. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांतील द्रव्यांनीही नाणी चिकट व हिरवी होतात. त्यापेक्षा आम्लरहित कागदाची पाकिटे बरी. दागिन्यासाठी कडी डाखलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतात. तरीसुद्धा गळ्यातील माळेत ओवलेला रुपया हा चलनाच्या इतिहासाचाच भाग असल्याने अशी नाणी टाकाऊ समजणे योग्य नाही.

टाकसाळचिन्हांनी एकाच सनाची नाणी वेगळी होतात. मुंबईच्या नाण्यांवर काळानुसार ‘बी’ हे इंग्रजी अक्षर, ठिपका किंवा चौकट. लाहोरच्या युद्धकालीन नाण्यांवर ‘एल्’. कलकत्त्याच्या नाण्यांवर बहुधा काहीच नसते. चिन्ह झिजून गेले आहे, की मुळातच नव्हते, हे ठरविण्यासाठी कमी झिजलेला जोड हाताशी असावा लागतो. बनावट नाण्यांचा सुळसुळाट मोठा आहे. १९३९ चा रुपया अत्यंत दुर्मिळ असल्याने इतर सनांचा शेवटचा अंक खरवडून तो ‘तयार’ केला जातो. अंकाभोवतीचा पृष्ठभाग भिंगाखाली पाहणे, शंभरांश ग्रॅमपर्यंत वजन करणे व कडेचे कंगोरे खऱ्या नाण्याशी ताडणे, हे उपाय आहेत.

जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किंमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यास कळविणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक केले. १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांचे नाणे पुरावस्तू ठरते व खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. ही मर्यादा सरकती असल्याने पंचम जॉर्जची नाणी, म्हणजे एके काळी भाजीवाल्याच्या गल्ल्यात पडलेले आणे-पैसे, वर्षागणिक तिच्या कक्षेत येत आहेत. नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेत व मुंबईत २००४ मध्ये उघडलेल्या रिझर्व्ह बँकेच्या चलन संग्रहालयात भारतीय नाण्यांचे नमुने पाहावयास मिळतात.