बेवारस म्हणजे नेमके काय?

मृत्युपत्र न करता माणूस वारला आणि त्याला एकही वारस नसला, तर मालमत्ता सरकारजमा होते. इंग्रजी कायद्यात याला 'एस्चीट' म्हणतात. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'वाट्याला पडलेले'. निर्वारस कुळाची जमीन सरंजामदाराकडे परत जाई, त्यावरून तो आला.

आपल्या वर्ध्याने याचाच भाऊबंद असलेला प्रकार राज्याच्या बाबतीत पाहिला. तिसरे रघुजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले. घराण्याने घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. आजचा वर्धा जिल्हा त्याच राज्यात होता. घरात माणसे होती, पण वारस कोण हे दुसऱ्याने ठरवले!

आज घटनेच्या अनुच्छेद २९६ ने बेवारस मालमत्ता शासनाकडे जाते. पण १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपणा बौद्धांनाही लागू आहे. त्यात विधवा, मुलगी आणि आई या मुलाच्या बरोबरीच्या वारस आहेत. त्या असताना घर बेवारस कसे? म्हणून आम्ही सांगतो, घरात मृत्यू झाल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या. सातबाऱ्यावर आपल्या लेकीबाळींचीही नावे चढवा.